एक पॉइंट वाढवा

खारूची आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची काडी वाकवून द्यायची. त्यामुळे माणसाचा चेहरा वीतभर अंतरावरून बघायची तिला सवय होती. तीच सवय लेकीच्या मुळावर आली. खारू सतरा वर्षांची झाली आणि तिच्या वरच्या ओठावर, हनुवटीच्या कडेला काळी लव दाट व्हायला लागली. खारूच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. लहानपणापासून तुरुतुरु पळणारी म्हणून तिला खारूताई म्हणत, त्याचं खारू झालं, आणि ती अजून पळतच होती. आता मैदानावर, शर्यतीसाठी. आईला मात्र जेवताना घास उतरेना. पोरगी हसली की हिची नजर ओठावर.

खारूच्या मावसबहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. फोटो निघणार, चार लोक बघणार. आईने लेसरने लव घालवायचं काढलं.

"दुखतं का गं?" खारूने पहिल्या दिवशी दवाखान्यातल्या मशीनवालीला विचारलं होतं.

"रबरबँड ओढून चटकन सोडल्यासारखं वाटतं. वर जरा गरम." मशीनवाली हसतमुख होती, खारूहून फार तर सातआठ वर्षांनी मोठी. "एका खेपेत सगळे जात नाहीत. जे केस त्या वेळी वाढत असतात तेवढेच मरतात, म्हणून पुन्हा पुन्हा यावं लागतं. मधे उपटायचे नाहीत, उन्हात फिरायचं नाही."

दोन खेपा झाल्या. लव विरळ झाली होती, पण आईला पाहिजे होतं तसं लख्ख काही दिसेना. लग्नाआधीची तिसरी खेप ही शेवटचीच. मधल्या काळात खारूची शर्यत जवळ आलेली. भर दुपारी ती मैदानावर असायची आणि चांगली रापली होती. निघताना आईच्या लक्षात आलं, मनगटावर घड्याळाचा पट्टा होता तिथे पांढरी रेघ उमटली आहे. तिने लेकीला लांब बाह्यांचा शर्ट घालायला लावला.

"उकडतंय गं आई."

"आत एसी असतो."

मशीनवालीने खारूला खुर्चीत आडवं केलं, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "ऊन लागलं का मधे?"

"छे, कुठलं ऊन!" खारूच्या आधी आईच बोलली. "परीक्षा आहे. घराबाहेर पाऊल नाही."

खारूने काळ्या चष्म्यासकट मान आईकडे किंचित वळवली. आई छताकडे बघत होती.

"जरा सावळी वाटतेय मागच्यापेक्षा."

"आमच्याकडे सगळे तसलेच. आणि हे बघ, मागच्या वेळी तू फार हळू लावलं होतंस. या खेपेला एक पॉइंट वाढव की. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

"जास्त दुखलं म्हणजे जास्त गुण येतो असं नसतं हो मावशी. कातडीला सोसेल तेवढंच लावायचं." तरी तिने थोडं वाढवलं, हनुवटीवर एकदा चमकवून बघितलं आणि विचारलं, "दहापैकी किती दुखलं?"

खारूची बोटं खुर्चीच्या हाताला घट्ट धरून होती. "तीन," ती म्हणाली.

"बघ!" आई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ओठ सुजला. सकाळी त्यावर बारीक फोड आले, आणि पुढे ते सुकून चौकोनी तपकिरी खपल्या धरल्या, मिशीच्या जागी मिशीहून ठळक. बाबांचं डोकंच फिरलं. "पोरीचं तोंड भाजलं! त्या बाईला बघतोच आता." ते दोघींना घेऊन तरातरा दवाखान्यात गेले. बाकावर माणसं बसली होती, त्यांच्यादेखतच त्यांनी आवाज चढवला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना आत घेतलं, खारूचा ओठ दिव्याखाली धरून पाहिला आणि मशीनवालीकडे वळल्या.

"उन्हाचं विचारलं होतंस?"

"विचारलं होतं, मॅडम." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नाही म्हणाल्या."

"साफ खोटं!" बाबा ओरडले. "पोरगी रोज मैदानावर असते, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. विचारलं असतं तर सांगितलं नसतं का आम्ही? कामावरून काढा हिला."

खारू खाली बघत होती, चपलेच्या टोकाने फरशी घासत होती. मशीनवालीने एकदाच आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात रागसुद्धा नव्हता, नुसती वाट बघणं होतं. अजूनही गप्प बसता येईल, हा विचार आईच्या मनात येऊन गेला, आणि तो आला याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"तिने विचारलं होतं," आई म्हणाली. "मीच नाही म्हणाले. शर्टही मीच लांब बाह्यांचा घालायला लावला. आणि वाढव म्हणूनही मीच मागे लागले होते."

बाबा तडक बाहेर जाऊन उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं. डाग जातील, पण महिने लागतील, म्हणाल्या. रापलेल्या कातडीत रंग जास्त, तो केसाच्या मुळाआधी स्वतःच लेसर शोषून घेतो आणि भाजतो, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं. निघताना आई मशीनवालीजवळ थबकली. "माझं चुकलं गं."

"माझंही चुकलं," मशीनवाली म्हणाली. "मला रंग दिसत होता. तुम्ही मागे लागलात म्हणून वाढवायला नको होतं." ती वळून चादर बदलायला लागली.

बाबा पुढे चालत होते, मायलेकी मागे. चालता चालता आईने विचारलं, "खरंच तीनच होतं का?"

"आठ होतं."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"तू ऊन नाही म्हणालीस. मी दुखतंय म्हटलं असतं तर तिने पुन्हा विचारलं असतं, आणि तू खोटी पडली असतीस." खारूने खांदे उडवले. "आणि मला वाटलं, माझ्याकडे बघायला तुला आवडत नाही. म्हटलं, सोसू."

आई रस्त्यातच उभी राहिली. नाही गं, असं काही नाही, हे शब्द अगदी ओठांवर आले. पण सकाळ-संध्याकाळ आपण कुठे बघत होतो ते तिला ठाऊक होतं, आणि पुन्हा खोटं बोलायची तिची छाती झाली नाही. "तसंच वागले मी," ती म्हणाली.

खारूने तिचा हात धरला नाही. नुसती चालायची गती कमी केली.

लग्नात खारूच्या मावशीने भर मांडवात विचारलं, "अगं बाई, ओठाला काय झालं?" आईने उत्तर तयार ठेवलं होतं, पण तिच्या आधी खारूच मोकळेपणाने म्हणाली, "लेसरने भाजलं." चार बायकांनी च्च्-च्च् केलं. आई तिथून हलली नाही. मान खाली जात होती तरी तिने जोर करून ती वर ठेवली आणि म्हणाली, "माझ्या हट्टापायी." मग फोटोवाल्याने हाक मारली आणि खारू पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली.