वरचं आडनाव

टाळेबंदीत विमान मिळणं म्हणजे लॉटरीच, आणि ती तुळसाच्या घरी लागली होती! तिच्या हेदवीतल्या न्याहरी निवासात अडकून पडलेली आयर्लंडची नोरा सकाळी नाचतच स्वयंपाकघरात आली. तिच्या देशाचं विमान नव्हतंच येणार, पण जर्मनीचं येत होतं आणि त्यात तिला जागा मिळाल्याचं जर्मन वकिलातीचं पत्र आलं होतं. दुसऱ्या पहाटेपर्यंत मुंबई गाठायची, नाहीतर विमान गेलंच. तुळसाने घावन बांधून दिले, शेजारच्या स्वरूपला गाडी काढायला लावली आणि आनंदाच्या भरात स्वतःही वेशीपर्यंत गाडीत चढली.

वेशीवर सुरूचं खोड आडवं टाकलेलं आणि पहाऱ्याला तिचे दीर महिपत. मुंबईकरांना गाव बंद, हा ठराव त्यांचाच. मुंबईत अडकलेल्या पोटच्या ऋत्विकलाही त्यांनी फोनवर "येव नको" म्हणून ठणकावलं होतं. असा माणूस कागद बघितल्याशिवाय सोडतोय होय!

"वयनी, ह्यात घोळ हाय. पासपोर्ट आयर्लंडचा नि पत्र जर्मनीचं. परक्याच्या पोरीला ते कशाला नेतील? उद्या पोलीस माझ्या मानगुटीवर बसतील."

नोरा रडकुंडीला आली. तुळसाचं डोकं मात्र सणकलं. तिने पासपोर्ट त्यांच्या नाकासमोर धरला.

"भावजी, चष्मा नीट लावा. खाली आयर्लंड, पण वर काय लिवलंय? युरोपियन युनियन. आता पत्र वाचा. कोणासाठी? युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठी. वरचं आडनाव एकच! भावकी हाय ती."

"भावकी? मग भांडत नाय काय?"

"भांडतात तर! नोराच सांगते, सदा एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या. पण अडलेल्या पोराला दाराभायेर नाय ठेवीत."

बोलून गेली आणि तिची तीच चपापली. महिपतांचा चेहरा उतरला. त्यांनी खोड ओढून बाजूला केलं. नोराने आनंदाने अशी किंकाळी फोडली की झाडावरचे कावळे उडाले! तुळसा खाली उतरली, गाडी निघाली.

तोच महिपत गाडीमागे धावत सुटले. "स्वरूप, थांब, थांब!"

तुळसाही त्यांच्या मागोमाग धावली. आता आणखी काय काढलं ह्यांनी?

महिपत धापा टाकत खिडकीशी वाकले.

"येताना गाडी रिकामीच ना रे? आमच्या ऋत्विकला घेऊन ये. नि मावतील तेवढी गावची पोरं पण आण. ठराव मी केला, मीच मोडतो. ऱ्हातील शाळेत चौदा दिवस, पण गावात ऱ्हातील."