बुडबुड्यांवरची ड्युटी

एक खुर्ची, जिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.

प्लास्टिकच्या नळीवर नखाची टिचकी. टक्, टक्.

फोनवर थोरला भाऊ. "जेवलास?" "हो." "बरं मग." फोन बंद.

मेलेल्या माणसाच्या पेशी थंड डब्यातून येतात, आणि जिवंत असतात.

ड्रॉवरमध्ये, रुमालाखाली, अंगठ्याएवढा काचेचा फुगा.

हे सगळं एकाच माणसाभोवतीचं. तो मधुमेहावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत इंजिनियर होता, पण सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मरणोत्तर दानातून आलेल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी तिथं एका चिमुकल्या डबीत ठेवत. त्यांच्यावरून आधी कमी साखरेचं पाणी सोडायचं, मग जास्त साखरेचं, आणि खाली पडणारा थेंब न् थेंब छोट्या बाटल्यांत धरायचा. कोणत्या बाटलीत किती इन्शुलिन उतरलं, त्यावरून पेशींची ताकद कळे. पूर्वी हे दोन बायका हातानं करत आणि संध्याकाळी कंबर धरून घरी जात. मिस्त्रीनं पंप, झडपा, बाटल्या सरकवणारा हात असं सगळं जुळवून ते आपोआप चालतं केलं होतं.

एकच अडचण होती. थंड पाणी नळीत कोमट झालं की त्यातली हवा सुटून बुडबुडा धरायचा. तो डबीत शिरला की पेशींपर्यंत पाणीच पोचत नसे. म्हणून त्या दोघींपैकी उरलेल्या ताई खुर्चीवर बसून नळीला टिचक्या मारत, आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवत.

"एवढं शिकले आणि शेवटी बुडबुड्यांवर ड्युटी," त्या म्हणायच्या. "मिस्त्री, तुमचं मशीन म्हणजे आमचा जावई. सगळं हातात द्या, वर शेजारी बसून कौतुक करा."

"थोडंच काम राहिलंय, ताई."

काम काहीच राहिलं नव्हतं. ड्रॉवरमधला फुगा नळीत बसवला असता तर हवा वर अडकली असती आणि पाणी खाली गेलं असतं. त्यानं ते घरी करूनही पाहिलं होतं. पण फुगा बसला की ताई वरच्या मजल्यावर दुसऱ्या कामाला जाणार. मग इथं पंपाची घरघर आणि घरी चार भिंती. दिवसभरात त्याच्याशी बोलणारं माणूस ते एवढंच. जावयाचं घोरणं, भाडेकरूची मांजर, सगळं तो मान खाली घालून ऐकायचा. आज बसवू, उद्या बसवू करत फुगा रुमालाखालीच राहिला.

एका सकाळी पेशी डबीत घातल्या, पंप सुरू झाला, आणि ताईंच्या लेकीला कळा लागल्याचा फोन आला.

"जा तुम्ही. मी बसतो," मिस्त्री म्हणाला.

"टिचकी हळू हं. दार ठोठावल्यासारखी नको."

"जा हो, ताई."

तो पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसला. थोड्या वेळानं खोली अंगावर आली. ताई सतत का बोलायच्या, ते त्याला आत्ता कळलं. मग तोही मनातल्या मनात भावाशी बोलू लागला, फोनवर जे कधी बोलला नव्हता ते. भानावर आला तेव्हा एक लांबट, चंदेरी बुडबुडा डबीच्या तोंडाशी होता. बोट उचलेपर्यंत तो आत गेला.

निकाल पुढच्या आठवड्यात आला. आलेखावरची रेषा चढता चढता आडवी झाली होती.

"पेशीच खराब निघाल्या," प्रमुख मॅडम म्हणाल्या. "तशी नोंद करून टाका."

"बिचारा," आजी होऊन परतलेल्या ताई म्हणाल्या. "जाताना देऊन गेला, तेही बाद."

मिस्त्री गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं.

"पेशी चांगल्या होत्या," तो म्हणाला. "बुडबुडा गेला. मी बसलो होतो तेव्हा."

"अहो, बुडबुड्यांना कोण काय करणार?" ताई म्हणाल्या.

त्यानं ड्रॉवर उघडला आणि फुगा टेबलावर ठेवला. तो काय करतो ते सांगितलं.

"कधीपासून आहे हा?" मॅडमनी विचारलं.

"बरेच दिवस."

ताईंनी फुगा उचलून उजेडात धरला. "मग मला कशाला बसवून ठेवलंत?"

उत्तर ओठांवर आलं होतं. "तपासायचा राहिला होता," तो म्हणाला. ताईंनी त्यावर काही विनोद केला नाही.

फुगा बसला. ताई वर गेल्या. "चहाला येत जा," म्हणाल्या. तो एकदा गेला. तिथं पाच-सहाजणींचा हशा चालला होता. ताई "बसा ना" म्हणाल्या, पण रिकामी खुर्ची नव्हती. उभ्या उभ्या चहा पिऊन तो खाली आला. मशीन बरोबर चाललं होतं. नळीत बुडबुडा नव्हता, तरी तो तिच्याकडे बघत राहिला.

थेंब धरायचं हे काम मशीननं करावं, असं सगळ्यात आधी सुचवलं होतं ते ताईंनी, मिस्त्री इथं लागायच्या आदल्या वर्षी.