रोक्कासेराचं सुतक

"कोण गेलं?" सुलेखानं पर्स खुंटीला अडकवता अडकवता विचारलं. विचारणं भागच होतं. तूल्योमास्तरांनी सोमवारी सकाळी काळा टाय लावला होता आणि डाव्या बाहीवर काळी पट्टी शिवली होती, तीही एकसारख्या बारीक टाक्यांनी. हाडाचा शिंपी दुःखातसुद्धा वेडावाकडा टाका घालत नाही.

"रोक्कासेरा," मास्तर म्हणाले. "शुक्रवारी. पासष्ट वर्षांची होती."

ही कोण बाई, असं सुलेखानं विचारलं नाही. अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या या टेलरिंगच्या दुकानात ती आठ वर्षं पँटी आखूड करत होती, कोटांची अस्तरं बदलत होती, आणि रोक्कासेरा म्हणजे इटलीतल्या मास्तरांच्या गावचा फुटबॉल क्लब, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. न कळून जातंय कुठे. तिथे दर रविवारी मॅच संपली की मास्तरांचा धाकटा भाऊ पिएरो मैदानाला लागून असलेल्या बारमधून त्यांच्या घरी फोन करायचा. जिंकले असतील तर सोमवारी मास्तर शीळ घालत इस्त्री करायचे. हरले असतील तर गिऱ्हाइकाची कंबर मोजतानासुद्धा टेप असा आवळायचे की माणसाचा श्वास अडकावा.

मास्तर अठ्ठावन्न साली अमेरिकेत आले. बायको केव्हाच वारली होती, मूलबाळ नव्हतं, पृथ्वीच्या पाठीवर रक्ताचं माणूस एकच, पिएरो. आणि हे दोघे भाऊ फुटबॉलशिवाय अवाक्षर बोलत नसत. वडील वारले तेव्हासुद्धा पिएरोनं आधी स्कोअर सांगितला आणि मग बातमी.

"म्हणजे नक्की झालं काय?" सुलेखानं विचारलं. दोघांचंही इंग्रजी आपापल्या गावच्या वळणाचं, पण इतक्या वर्षांत त्यांचं एकमेकांशी बोलताना अडत नव्हतं.

एक सिमेंटवाला शेठ क्लबचा अध्यक्ष झाला होता. त्यानं परदेशी खेळाडू आणले, आभाळाएवढी गॅलरी बांधायला काढली, आणि अंथरुणाबाहेर पाय गेले. खेळाडूंचे पगार थकले. फेडरेशननं नाव काढून टाकलं, कोर्टानं मैदानाच्या फाटकाला सील ठोकलं. टेबलं-खुर्च्यांबरोबर क्लबचं नाव आणि बिल्लाही जप्त झाला.

"नावसुद्धा जप्त करतात?"

"नावच आधी करतात," मास्तर म्हणाले आणि मशीनवर बसले. दिवसभर त्यांनी एक टाका घातला नाही.

त्या संध्याकाळी डब्लिन या कोलंबसच्या उपनगरातल्या घरी आल्यावर सुलेखानं डाळीच्या पिठाचा डबा काढला. नवरा, चंद्रशेखर, राज्य सरकारच्या रस्ते विभागात पुलांची डिझाइनं करायचा. बायको उद्याच्या डब्यासाठी आजच पिठल्याची तयारी करतेय, हे बघून त्यानं चौकशी केली आणि उत्तर ऐकून सोफ्यावर आडवा झाला.

"सुलेखा, यार, फुटबॉलची टीम आहे ती. तिचं सुतक? मग दहावं-बारावंही उरकून टाक. कावळा शोधायला मी येतो."

"आई, इट्स जस्ट अ टीम," कांचन, त्यांची लेक, पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली.

"असेल. पण माणूस जेवलेलं नाहीये," सुलेखा म्हणाली.

ज्या घरात माणूस गेलं तिथली चूल पेटत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा असतो. गेलेलं माणूस थोर होतं की थिल्लर, ते नेणाऱ्यानं विचारायचं नसतं. मिरजेला तिच्या आईनं असे किती डबे पोचवले असतील. सुलेखाच्या मनात एवढंच आलं, की या माणसाला डबा पोचवणारं कोलंबसमध्ये दुसरं कोण आहे? मला या बाईचं कौतुक वाटतं ते यासाठी. दुःख आपल्याला कळण्याजोगं असेल तर कोणीही धावून जातं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कपडे कापायच्या टेबलावर बसून पहिला घास घेतला. "पोलेंटा," ते म्हणाले. "पण तिखट." पोलेंटा म्हणजे त्यांच्याकडचं मक्याच्या पिठाचं पिठलं. मग डबा रिकामा होईपर्यंत ते बोलत राहिले.

एकवीस साली दगडाच्या खाणीतल्या कामगारांनी क्लब काढला. बंद पडलेल्या खाणीतच मैदान केलं, म्हणून तीन बाजूंना उंच दगडी भिंत आणि चौथ्या बाजूला पिएरोचा लाडका बार. शर्ट शेंदरी रंगाचे, कारण गावातल्या रंगाऱ्याकडे तेवढाच रंग शिल्लक होता. लढाईत एका हिवाळ्यात सरपण संपलं तेव्हा लोकांनी गोलपोस्ट जाळून हात शेकले. सेहेचाळीसमध्ये पुन्हा दोन झाडं तोडली, खांब रोवले, आणि लंगडत परत आलेले सैनिक त्यात गोल करायला लागले. मास्तर आणि पिएरो तेव्हा चेंडू आणायला भिंतीवर चढायचे. बारा वर्षांनी क्लब दुसऱ्या श्रेणीत पोचला, गावभर मिरवणूक निघाली, आणि त्याच महिन्यात मास्तर बोटीवर चढले.

"मी निघालो तेव्हा ती वर चालली होती," ते म्हणाले. "म्हणून मला तिला सोडून येता आलं."

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. रविवार आले नि गेले, पण फोन नाही. पिएरोनं नाताळला एकदा केला, ईस्टरला एकदा. कसा आहेस, बरा आहे, हवा कशी आहे, थंड आहे. मग दोघेही गप्प, आणि मग दोघांनीही ठेवला. ईस्टरनंतरच्या सोमवारी मास्तर म्हणाले, "त्याच्याशी काय बोलू? मला बोलायचं ठाऊकच नाही." क्लब मेला तो मेला, आता त्याच्यापायी जिवंत भाऊही जायला निघाला होता.

आणि सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात पिएरोचा फोन आला तो मधल्या वारीच, दुकानात. मास्तर ऐकत होते, त्यांचा चेहरा आंबट होत होता. शेवटी इटालियनमध्ये दोन वाक्यं फेकून त्यांनी रिसीव्हर आदळला.

झालं होतं ते असं. गावानं नवा क्लब काढला होता. पाववाला, शाळामास्तर, बसचा ड्रायव्हर, असल्या लोकांनी. कोर्टाच्या हातापाया पडून मैदान भाड्यानं मिळवलं, वर्षभर वाढलेलं रान विळ्यांनी कापलं, बायकांनी घरी शर्ट शिवले. सगळ्यात खालच्या श्रेणीत जागा मिळाली. जुनं नाव वापरायला बंदी, म्हणून 'नुओव्हा रोक्कासेरा', म्हणजे नवी रोक्कासेरा. रविवारी पहिली मॅच होती आणि पिएरो बारच्या खिडकीतून रिसीव्हर बाहेर धरणार होता, भावाला ऐकू यावं म्हणून.

"मग आदळलात कशाला?" सुलेखा चकित झाली. "आनंदाची गोष्ट आहे."

"ती माझी नाही. माझी मेली. ही कोणीतरी दुसरीच तिचे कपडे घालून उभी आहे. मी त्याला सांगितलं, या बाईच्या भानगडीसाठी मला फोन करू नको."

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाला, रविवारी एकदाच करीन. उचलला नाहीस तर पुन्हा कधी करणार नाही."

मास्तरांचा भाऊच तो, एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा. दोन्हीकडून हट्ट असला की मध्ये पडणाऱ्याचं डोकं फुटतं, हे सुलेखाला माहीत होतं. तरी शनिवारी, दुकान बंद करायच्या वेळी, ती मध्ये पडली.

"लढाईत गोलपोस्ट जाळले होते. मग नवे खांब रोवले. तेव्हा नाही म्हणालात, की ही माझी नव्हे?"

"तेव्हा नाव तेच होतं. बिल्ला तोच होता. आता नाव दुसरं, बिल्ला दुसरा, श्रेणी तळाची. मग उरलं काय, सू?"

दुकानात तिला सू म्हणत. गिऱ्हाइकांच्या जिभेला तेवढंच झेपायचं.

सुलेखानं हातातली कात्री ठेवली. ही गोष्ट तिनं अमेरिकेत कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी आहे असंही तिला कधी वाटलं नव्हतं. तिच्या माहितीतल्या निम्म्या बायकांची तीच गोष्ट होती.

"माझं नाव सुलेखा नव्हतं," ती म्हणाली. "शरयू होतं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. आडनाव तर जातंच. गाव जातं. एका दुपारीत सगळं. मी एकवीस वर्षांची होते, दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी 'सुलेखा' अशी हाक मारली आणि मी मागे वळून बघितलं, कोणाला बोलावतायत म्हणून."

मास्तर ऐकत होते.

"माझे वडील महिन्याभरानं भेटायला आले. त्यांना मला हाकच मारता येईना. शरयू म्हणावं तर सासरच्यांना बरं दिसणार नाही, आणि सुलेखा त्यांच्या तोंडातून निघेना. ओसरीवर नुसते टोपी हातात फिरवत बसले. मला वाटलं, आता हे परत यायचे नाहीत. यांची मुलगी मिरजेतच संपली."

"मग?"

"मग ते पुढच्या महिन्यात आले. त्याच्या पुढच्याही. हाक न मारताच यायचे, बसायचे, चहा घ्यायचे. मला पाहून हसायचे. त्यांनी कधी विचारलं नाही, की नाव गेलं, आडनाव गेलं, मग उरलं काय. ते येत राहिले, मास्तर, म्हणून मी उरले. नाहीतर मलाही कळलं नसतं मी कोण ते."

एवढं बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला. मास्तरांनी दिवे घालवले. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणत ती घरी गेली.

रविवारी सकाळी नऊच्या आत, तिकडे दुपारी तीनला मॅच सुरू होण्याआधी, ती मास्तरांच्या दाराशी होती. काहीतरी निमित्त हवं म्हणून हातात शिऱ्याचा डबा. गाडी चंद्रशेखरनं ड्राइव्ह केली होती, आणि वाटेत एकही विनोद केला नव्हता. लग्नातलं ते ताट त्यालाही आठवत होतं. आदल्या रात्री बायकोनं सगळं सांगितल्यावर तो म्हणाला होता, "नाव मी निवडलं नव्हतं गं. आईनं कानात सांगितलं ते लिहिलं." एवढ्या वर्षांत हा विषय त्यांच्या घरात पहिल्यांदाच निघाला होता.

मास्तरांनी दार उघडलं. दाढी केलेली होती, पण चेहरा दगडाचा. तिघंही स्वयंपाकघरात बसली. फोन भिंतीवर होता आणि त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं.

तो वाजला. वाजत राहिला. मास्तरांनी शिऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. चंद्रशेखरनं सुलेखाकडे बघितलं, पण ती जागची हलली नाही. हा फोन दुसऱ्या कोणी उचलून चालण्यासारखा नव्हता. किती वेळ वाजला कोण जाणे. आता थांबणार, असं वाटलं तेव्हा मास्तर खुर्ची मागे सारून उठले.

"प्रोंतो," ते रिसीव्हरमध्ये म्हणाले. फोनवर इटालियन माणसं 'हॅलो' म्हणत नाहीत.

पलीकडून बोलणं आलंच नाही. आला तो नुसता कल्लोळ. पिएरोनं खरंच खिडकीबाहेर हात काढला होता. दगडी भिंतींमध्ये घुमणारी माणसं, शिट्टी, कुठेतरी ढोल. रिसीव्हर मास्तरांच्या कानाला असूनही सुलेखाला तो खाणीतला आवाज टेबलाशी ऐकू येत होता. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलले, म्हणून तिनं मान खाली घातली.

मग पिएरो रिसीव्हरवर आला असावा. मास्तरांनी एक प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं, आणि त्यांचा आवाज चढला. चढतच गेला. एक हात हवेत फिरायला लागला. काहीतरी भयंकर झालं असावं, असं वाटून चंद्रशेखर उठून उभा राहिला.

मास्तरांनी रिसीव्हरवर तळवा ठेवला. "वीस मिनिटांत तीन गोल खाल्ले," ते इंग्रजीत म्हणाले. "लेफ्ट बॅक पाववाल्याचा मुलगा आहे. तो गाढव आहे. त्याचा बापही गाढव होता." आणि पुन्हा इटालियनमध्ये सुरू झाले.

सुलेखा खुर्चीत मागे टेकली. परक्याच्या पोराला कोणी इतक्या मनापासून शिव्या घालत नाही. मॅच संपेपर्यंत हे असंच चालणार होतं, आणि पुढल्या रविवारीही, आणि त्याच्या पुढल्याही. पलीकडून पिएरोचा आवाजही तसाच चढलेला होता, बहुधा लेफ्ट बॅकची बाजू घेत.

मध्येच मास्तर थांबले, ऐकलं, आणि वळून तिच्याकडे बघितलं.

"पिएरो विचारतोय तुझ्याकडे कोण आलंय, मघाशी थांबून कोणाशी बोललास. मी म्हटलं, माझ्याबरोबर काम करते ती बाई. तो म्हणतो, नाव काय." ते जरा घुटमळले. "कुठलं सांगू?"

चंद्रशेखर टेबलक्लॉथच्या नक्षीकडे बघत राहिला. सुलेखानं क्षणभर विचार केला.

"दोन्ही सांगा," ती म्हणाली.

मास्तरांनी सांगितली. एकामागून एक, दोन्ही मोडकीतोडकी, पण सावकाश, नीट ऐकू जावीत म्हणून. पलीकडे त्या गोंगाटात कोणीतरी ती नावं परत म्हटली. कुणी आपली ओळख करून देत असलं की उठून उभं राहतात, तशी ती उठून उभी राहिली.