विन्कोभावोजींची नवी दुर्बीण

सकाळी फोन वाजला तेव्हाच मी ओळखलं, भावोजींनी पुन्हा काहीतरी अर्धवट मारलंय. आमच्या कोचेव्येच्या जंगलात जायबंदी जनावर निसटलं की शिकाऱ्यांना माझी आठवण येते. खरं तर माझी नाही, माझ्या कुत्रीची, बिस्त्राची. रक्ताचा माग काढावा तर तिनंच. पण आता ती म्हातारी झाली होती, मागचे पाय आखडायचे. एवढा हंगाम निभावला की तिला शेगडीपाशी बसवायचं, असं मी ठरवलं होतं. तोवर तिला काही होऊ नये, एवढंच मागणं होतं.

विन्कोभावोजी, माझ्या बहिणीचे यजमान, मचाणाखाली तोंड पाडून उभे होते.

"खांद्यावरच नेम धरला होता गं, झिंका."

मी गवतातला हाडाचा तुकडा उचलला. "हे पायाचं हाड आहे."

"रानडुकरानं पाय वर केला असेल."

"हो, तुम्हाला सलाम ठोकायला."

या शरद ऋतूत त्यांनी जायबंदी केलेलं हे तिसरं जनावर. कारण मला ठाऊक होतं. बंदुकीवर नवी दुर्बीण चढवली होती. आत लाल ठिपका पेटतो, लांबच्या पानाची शीर दिसते आणि किंमत निम्मी! भावोजींची चांगली निघाली तर तीच घ्यायची म्हणून शिकाऱ्यांचा अख्खा क्लब टपून बसला होता.

बिस्त्रा नाक जमिनीला लावून निघाली. मी दोर धरून मागे. दमले होते मी, सगळ्यांच्या चुका निस्तरून.

"गरिबानं शिकार करूच नये का मग?" भावोजी धापा टाकत म्हणाले.

"करावी की! माझी दुर्बीण काय जमीनदाराची आहे? चौपट दाखवते, पण तिन्हीसांजेला डुक्कर डुकरासारखं दिसतं आणि जीपमध्ये आपटली तरी नेम हलत नाही. आणखी काय पाहिजे?"

"तुझी चौपट, माझी चोवीसपट, मेव्हणीबाई!"

"म्हणून पाय एवढा मोठा दिसला."

जुलैत क्लबाच्या मैदानावर सगळे कागदावर बार काढून नेम तपासतात, मग सॉसेज आणि बिअर. त्यानंतर बंदूक महिनोन् महिने जीपमध्ये खडखडत हिंडते, पण पुन्हा मैदानावर कोणी जात नाही. एकटा गेला की लोक म्हणतात, याचा नेम गेला. अब्रूपायी सगळे गप्प.

काटेरी जाळीपाशी बिस्त्रा थरथरली. आत डुक्कर होतं, जिवंत. मी दोर सोडला. भुंकणं, मोडणाऱ्या फांद्या, आणि मग तिची किंकाळी. मी खालच्या बाजूला काट्यांत अडकले होते. भावोजी वर होते, त्यांना दोघंही स्वच्छ दिसत होती.

"मारा ना!" मी ओरडले.

त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि खाली घेतली. पुन्हा लावली.

"कुठं लागेल सांगता येत नाही गं! बिस्त्रा मधे आहे!"

अंग ओरबाडून घेत मी वर पोचले आणि माझ्या बंदुकीनं डुक्कर पाडलं. तोवर सुळ्यानं आपलं काम केलं होतं. बिस्त्रानं माझ्या हाताला नाक लावलं आणि ती गेली. मी तिथंच बसून रडले. भावोजींचा राग यावा, असं फार वाटत होतं. पण बार न काढण्याएवढं तरी शहाणपण त्यांनी त्या दिवशी दाखवलं होतं.

आमच्याकडे शिकार केलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. भावोजींनी स्प्रूसच्या झाडाची डहाळी मोडली, डुकराला ओलांडून आले आणि ती बिस्त्राच्या तोंडात ठेवली. कुत्र्यासाठी असं कोणी करत नाही.

मग त्यांनी विचारलं, "झिंका, तुझी दुर्बीण कुठली गं?"

इतकी वर्षं कुठली दुर्बीण घ्यावी हे मी सगळ्यांना घसा फोडून सांगत आले होते. विचारलं मात्र आज पहिल्यांदाच कोणीतरी.

मी कोट काढून तिच्याखाली सरकवला. "नंतर सांगते," मी म्हटलं. "आधी कोटाचं ते टोक धरा, हिला उचलू."