धुऱ्यापलीकडचा धूर

अब्दुल सत्तारनं कुंपणाचा तिसरा खांब उपटला आणि दोन हात मागे, आपल्याच जागेत, रोवला. सकाळी शेजारच्या शेतातून सुभद्राबाईंचा फोन आला होता. खरखरीत त्याला एवढंच ऐकू आलं, "भाऊ, तेवढं धुऱ्याचं पाहा." आता हातभर धुऱ्यापायी, शेताच्या बांधापायी, तिवसा तालुक्यात सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. भंगारवाल्या सत्तारला बाईंशी वाकडं नको होतं. बायको नईमा आजारी असताना महिनाभर यांच्याच घरून दूध आलं होतं.

चौथ्या खांबाशी बाई स्वतःच येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय करून राहिले भाऊ?"

"धुरा सरकवून राहिलो. तुमीच तं म्हटलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. "धुरा नाही हो, धूर. माही लेक अपेक्षा बाळंतपणाले आली हाये. एकवीस दिवसाचं लेकरू. तुमी वायर जाळता अन् ते दिवसभर खोकलून राहते."

सत्तारनं वळून पाहिलं. मागे मोडक्या टीव्हींच्या, कॉम्प्युटरच्या वायरींचा ढीग होता. विहिरी आटल्यापासून पाण्याच्या मोटारीही भंगारात येत होत्या. जाळलं की तासाभरात तांबं मोकळं. हातानं सोलायचं तर आठवडा जातो, आणि चूल काही आठवडाभर थांबत नाही.

"धूर वर जाते बाई," तो पुटपुटला. "वारं नेते त्याले."

"कुठं नेते?"

उत्तर ओसरीवरून आलं. सत्तारची मुलगी माहेनूर अमरावतीला बी.एस्सी. करत होती.

"उत्तर ध्रुवाकडं, काकू. बर्फात. भाताची वाफ गार झाकणावर जाऊन बसते ना, तसं यातलं विष थंडीत जाऊन बसते. मासोळ्यांच्या पोटात जाते, मासोळ्यांतून मोठ्या जनावरांच्या, त्यांच्यातून माणसांच्या. तिथं कोणी वायर जाळत नाही, तरी तिथल्या मायांच्या दुधात सापडलं."

सत्तारनं पहार खाली ठेवली. बाई पोलीस ठाण्यात जाऊ शकल्या असत्या. त्या दारात आल्या, याचंच त्याला भरून आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

"लई उपकार झाले बाई. पोरगी सांगे, तं मी हसत होतो."

"खांब पयल्या जागी लावा आता."

"राहू द्या तिथंच."

दुसऱ्या दिवशी तो चाकू घेऊन वायर सोलायला बसला. दुपारपर्यंत मूठभर तांबं निघालं. तेवढ्यात सुभद्राबाई खुरपं घेऊन आल्या आणि त्या सोडलेल्या दोन हात पट्टीत मांडी घालून बसल्या.

"यंदा वेचायले कापूस हाये कुठं," त्या म्हणाल्या. "बोटं रिकामीच हायेत."

माहेनूरही चाकू घेऊन आली आणि तिघं सोलत राहिली. मग बाईंनी माहेनूरला विचारलं, "पोरी, तिचं लेकरू केवढं असन?"

"कोणाचं, काकू?"

"त्या बर्फातल्या मायचं."

हे काही माहेनूरच्या पुस्तकात नव्हतं.

"असन अपेक्षाताईच्या एवढंच."

बाईंनी मान हलवली आणि ढिगातली पुढची वायर ओढली.