काठावर पास झालेला इन्व्हर्टर

या मित्रांनो, जरा जवळ या. माझा आवाज बारीक आहे, लांबून ऐकू येणार नाही. मागच्यांनी पुढे सरका, पुढच्यांनी मांड्या आवरून बसा. आज मी तुम्हांला एका संध्याकाळची गोष्ट सांगणार आहे. त्या संध्याकाळी एका म्हाताऱ्या बाईंचा श्वास माझ्या हाती होता, आणि मला तर हातच नाहीत.

मी एक जुना इन्व्हर्टर आहे. वीज गेली की बॅटरीतली वीज घेऊन घराला पुरवायची, एवढंच माझं काम. माझा जन्म वसई पूर्वेच्या एका गाळ्यात झाला. एका बाईंनी माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली. शेजारणीशी मुलाच्या तापाबद्दल बोलत होत्या, पण वेढा एकही चुकला नाही. मग मला पाच मिनिटं चालवून बघितलं, खोक्यात घातलं, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं, ‘प्युअर साईन वेव्ह’.

मित्रांनो, याचा अर्थ सोपा आहे. चांगली वीज समुद्राच्या लाटेसारखी गोल चढते आणि गोल उतरते, सेकंदाला पन्नास वेळा. स्वस्तातले पुष्कळ इन्व्हर्टर जिन्याच्या पायऱ्यांसारखी वीज देतात, धाडकन वर आणि धाडकन खाली. दिव्याला त्याचं काही वाटत नाही. पण मोटार असलेलं यंत्र त्या विजेवर गुरगुरतं, तापतं, आणि एक दिवस बसतं. मी लाटेचा, असं माझ्या खोक्यावर लिहिलं होतं. पण माझी किंमत होती जिन्याची. म्हणून माझ्यावर कुणाचा विश्वास बसेना.

मला विकत घेतलं भुईगावच्या ज्युलियसने. तो कारखान्यात मशीन चालवणारा, हिशेबी आणि काळजीखोर माणूस. त्याची आई हिल्डा टीचर. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी पाढे शिकवलेले. आता त्यांची फुप्फुसं थकली होती. दिवसरात्र नाकाला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन. ते मशीन पाच मिनिटं बंद पडलं की टीचरचे ओठ निळे पडायचे. आणि आमच्याकडे वीज कधी जाईल, याचा काही नेम नाही.

फुलपाड्यातला दुकानदार खरं बोलणारा होता. तो म्हणाला, “एवढ्या पैशात प्युअर साईन? खोक्यावर छापायला फक्त शाई लागते, शेठ. सात दिवस वापरून बघा. नाही पटलं तर परत आणा.”

अशी माझी सात दिवसांची परीक्षा सुरू झाली.

पहिल्या दिवशी ज्युलियसने पाच भोकांचा एक्स्टेन्शन बोर्ड मला जोडला आणि शंभरचा बल्ब लावला. बल्ब लागला. त्याची बायको डेल्फिन म्हणाली, “चालतोय की.”

“बल्ब काय, जिन्यावर पण चालतो,” ज्युलियस म्हणाला. “आईच्या मशीनला मोटार आहे. मोटार जळली तर?”

तेव्हा शेजारचे दिनानाथकाका ओट्यावरून आत आले. त्यांच्याबद्दल सांगायला हवं. चाळीस वर्षं त्यांनी देवळात कीर्तनाला पेटीची साथ केली. बुवा कुठलेही असोत, त्यांनी तोंड उघडायच्या आत काकांचं बोट सुरावर गेलेलं असायचं. काकांनी काखेत स्वतःचा टेबलफॅन आणला होता.

“हा माझा पंखा,” ते म्हणाले. “बावीस वर्षं शेजारी घेऊन झोपतोय. याचा आवाज मला माझ्या बायकोच्या आवाजाइतका ठाऊक आहे. लाव याला.”

“काका, विजेचं आहे हे, कीर्तन नाही,” ज्युलियस हसला.

“अरे, खोक्यावर वेव्ह, म्हणजे लाट, असं लिहिलंय ना? मग सूरच तो.”

पंखा लागला. काका डोळे मिटून बसले. खोलीत फक्त पात्यांचा वारा आणि माझी बारीक गुणगुण. मला वाटलं, आता हे उठणार आणि मला परत खोक्यात घालायला सांगणार.

“पेटीची पांढरी पाच,” काका अखेर म्हणाले. “तिच्याहून केसभर वर. आमच्या घरच्या इन्व्हर्टरच्या डब्यावर हाच पंखा घशात काहीतरी अडकल्यासारखा करतो. इथे गळा मोकळा आहे. हा खोटं बोलत नाहीये, ज्युलियस.”

पलंगावरून टीचर हळूच म्हणाल्या, “दिनानाथ, तोंडी परीक्षेचे मार्क झाले. लेखी अजून बाकी आहे.”

पुढचे दिवस लेखी परीक्षेचे. आधी ऑक्सिजनचं मशीन एकटंच माझ्यावर तासभर चाललं. ज्युलियसने दर दहा मिनिटांनी त्याच्या पाठीला हात लावून बघितला. मग टीचरनी हट्टाने नळी नाकाला लावून दोन तास काढले. रोज काका शेजारी बसायचे, गंमत म्हणून. रोज विचारायचे, “काय रे बाबा, गळा ठीक?” मला कुणीतरी नावाने नसलं तरी ‘बाबा’ म्हणून हाक मारत होतं. गाळ्यातून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

सातवा दिवस उजाडला. संध्याकाळपर्यंत मला ठेवायचं की परत करायचं, हे ठरवायचं होतं. ज्युलियस कामावर जाताना म्हणाला, “आल्यावर शेवटची टेस्ट घेतो.”

पण शेवटची टेस्ट त्याची वाट बघत थांबली नाही.

दुपारी पाऊणला वीज गेली. ऑक्टोबरचं ऊन नुसतं ओतत होतं. जमिनीखालची केबल कुठेतरी जळाली होती आणि वीज कधी येईल, ते कुणालाच माहीत नव्हतं. क्षणात मी जागा झालो आणि मशीन माझ्यावर घेतलं. आणि मित्रांनो, त्याच दिवशी घरातला राखीव सिलिंडर भरायला गेला होता.

ज्युलियसचा फोन आला. “डेल्फिन, फक्त आईचं मशीन. बाकी बल्बसुद्धा नको. बॅटरी पाच, फार तर साडेपाच तास जाईल. मी पाचला सुटलो की लगेच निघतो.”

एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. सिलिंडरचा टेंपो येईना. चार वाजता डेल्फिनने स्कूटरची किल्ली घेतली. “काका, मी स्वतःच जाऊन आणते. तुम्ही आईजवळ बसाल?”

“जा बाय. मी इथून हलत नाही,” काका म्हणाले.

ती गेली. घरात दोन म्हातारी माणसं आणि मी. मशीन श्वास सोडत होतं, फुस्स... फुस्स... आणि माझ्या बॅटरीतली पातळी विहिरीच्या पाण्यासारखी खाली चालली होती.

ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायच्या प्रार्थनेचा महिना. मरियामातेची मूर्ती रोज एका घरी मुक्काम करते आणि वाडीतली माणसं तिथे जमून माळ म्हणतात. त्या दिवशी पाळी होती हिल्डा टीचरच्या घराची. धावपळीत डेल्फिनला त्याचा विसर पडला. पाच वाजता गाणं म्हणत, वाडीत माळ सांगणाऱ्या आल्बिनामावशी आल्या, मूर्ती आली आणि मागोमाग वीसेक माणसं.

“टीचरकडे लाईट आहे,” मशीनचा आवाज ऐकून कुणीतरी आनंदाने म्हणालं.

टीचरना त्रास नको म्हणून सगळे बाहेरच्या खोलीतच बसले. आणि परीक्षेच्या पहिल्या दिवसापासून तसाच राहिलेला तो पाच भोकांचा बोर्ड दारातून त्याच खोलीत डोकावत होता. त्यांची चूक नव्हती. प्रेमाने आलेली माणसं. एकाने मूर्तीभोवतीची दिव्यांची माळ लावली. एकाने प्रार्थनेचा स्पीकर लावला. फोन बंद पडत आलेल्या दोन मुलींनी चार्जर लावले. आणि आल्बिनामावशींनी कोपऱ्यातला उभा पंखा ओढला, टीचरच्या दाराकडे तोंड करून लावला. “बिचारी उकडून गेली असेल,” त्या म्हणाल्या.

पलंगाजवळ बसलेल्या काकांना भिंतीआडचं हे काहीच दिसलं नाही. दारातून वारा आला तेवढा कळला. त्यांना वाटलं, समुद्राकडची खिडकी कुणी उघडली असेल.

मित्रांनो, चार तास पळून आलेल्या बैलाच्या गाडीत आणखी पाच पोती टाकावीत, तसं झालं. मी जोर लावला. बॅटरी खचत होती. माझ्या गोल लाटांची डोकी चपटी व्हायला लागली. मी ओरडून सांगितलं असतं, पण शिट्टी वाजवायची ती फक्त अगदी शेवटी, तशीच माझी घडण. मला एकच गोष्ट करता येत होती. माझी गुणगुण बदलली.

बाहेर स्पीकरवर माळ सुरू होती. वीस माणसांचा आवाज एका लयीत चढत होता, उतरत होता. त्या आवाजात माझी करकर कुणाला ऐकू येणार?

काकांची मान वर झाली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मशीनकडे. मग दारात येऊन बोर्डकडे. पाचही भोकं भरलेली. त्यांना सगळं समजलं. हात पुढे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

का थांबला, ते सांगतो. भजन-कीर्तन रंगात आलं असताना मध्ये उठू नये, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. चाळीस वर्षांत ते एकदाही उठले नव्हते. एकदा पेटीवर बसले असताना पायाला विंचू चावला, तेव्हाही आरती होईपर्यंत बोटं थांबली नव्हती. आणि ही तर दुसऱ्यांची प्रार्थना. दुसऱ्यांच्या आईसमोरचे दिवे. ते आपण कसे विझवायचे? दहा मण्यांचा एक फेरा संपेपर्यंत थांबू, असं त्यांनी ठरवलं असावं.

एक मणी. दोन मणी. माझं अंग चटके बसावं इतकं तापलं. तीन, चार. मशीनचं फुस्स लांबायला लागलं. पाच. काकांनी वळून पलंगाकडे बघितलं. टीचरचे ओठ जांभळाची साल चोखल्यासारखे दिसत होते.

सहाव्या मण्याला काकांनी मूर्तीसमोर हात जोडले. “माउली, उठतो गं,” एवढंच पुटपुटले आणि दिव्यांची माळ उपटली. मग स्पीकर. मग पंखा. मग दोन्ही चार्जर.

वीस माणसांच्या माना दाराकडे वळल्या.

“दिनानाथ,” आल्बिनामावशी उभ्या राहिल्या. “हे काय केलंस तू? मातेसमोरचे दिवे?”

“आवाज फाटलाय, आल्बिना.”

“कोणाचा?”

“ह्याचा.” काकांनी माझ्याकडे बोट केलं. “हा पडला की मशीन पडलं. सिलिंडर घरात नाही.”

मावशींनी एकदा पलंगाकडे बघितलं. त्यांनी मेणबत्ती पेटवून मूर्तीसमोर ठेवली, दोन बायकांना प्रार्थनेच्या पुस्तकांनी टीचरना वारा घालायला बसवलं आणि म्हणाल्या, “माळ अर्धी टाकायची नाही. पण हळू म्हणा. ओठांत म्हणा. दिनानाथला त्याचं काम करू द्या.”

अशी रोझरी मी पुन्हा कधी ऐकली नाही, मित्रांनो. वीस माणसं कुजबुजत होती, आणि मध्ये एक पेटीवाला जमिनीवर उकिडवा बसून माझ्या झाकणाला कान लावून होता.

“आला,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “परत सुरावर आला. थकलाय, पण सुरात आहे. ओढ रे बाबा. थोडंच राहिलंय.”

ओझं उतरलं होतं. माझ्या लाटा पुन्हा गोल झाल्या. पण विहिरीत पाणी किती उरलंय, ते मलाच माहीत होतं. टीचरचे ओठ हळूहळू माणसासारखे झाले. साडेपाच झाले, मग पावणेसहा. मला वाटायला लागलं, ही मोटार आता पुढचा फेरा घेणार नाही, आता नाही. प्रत्येक वेळी ती घेत होती. सहाला दहा कमी असताना माझी शेवटची शिट्टी सुरू झाली. कुजबुज थांबली.

अंगणात स्कूटर वाजली.

डेल्फिनने सिलिंडर पोरासारखा कुशीत धरून आणला. ती नळी बदलत असताना आल्बिनामावशींनी सिलिंडर धरून ठेवला. नळी बसली. चावी फिरली. टीचरनी श्वास घेतला.

मग मी बंद पडलो.

दहा मिनिटांनी ज्युलियस धापा टाकत पोचला. सगळी हकीकत ऐकून तो माझ्यासमोर फतकल मारून बसला. “घेण्यासारखा आहे की नाही, तेच कळत नाही मला,” तो म्हणाला. “एक पंखा वाढला तर लटपटतो.”

“ज्युलियस,” पलंगावरून आवाज आला. “माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. त्याच्याकडून जेवढं जमेल तेवढंच मागितलं, तर तो कधी नापास झाला नाही. काठावर पास कर याला. पेपर फार कठीण होता.”

आणि मी राहिलो. दुसऱ्या दिवशी ज्युलियसने बोर्ड काढून टाकला आणि मशीनची वायर तेवढी माझ्यावर ठेवली.

त्यानंतर हिल्डा टीचर दीड वर्ष जगल्या. पुढच्या ऑक्टोबरात मूर्ती आली, तेव्हा उशीला टेकून त्यांनी पूर्ण माळ म्हटली. मग एका सकाळी, वीज असताना, चहा घेता घेता त्या शांतपणे गेल्या.

माझं काम संपलं. मला जिन्याखाली ठेवलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली, जाळीत कोळ्याने घर केलं. बॅटरीचं पाणी कुणी बघितलं नाही. वाईट वाटून घेऊ नका, दुःखाच्या घरात असं होतंच. पण मित्रांनो, अडचणीच्या वेळी ज्याच्यावर भिस्त ठेवायची, त्याच्याकडे बरे दिवस असतानाही अधूनमधून बघावं. चार थेंब पाणी आणि एक कोरडं फडकं, आम्हांला याहून जास्त लागत नाही.

शेवटी काकांनीच मला मागून नेलं. आता मी त्यांच्या देवळात असतो. कीर्तनाच्या वेळी वीज गेली तर विजेवरचा तानपुरा आणि बुवांपुरता एक दिवा, एवढं माझं ओझं. त्याहून जास्त काका कुणाला लावू देत नाहीत.

आणि काकांचे कान आता गेले आहेत. पेटी दुसरं कुणी वाजवतं. ते माझ्याजवळ भिंतीला टेकून बसतात आणि माझ्या झाकणावर तळहात ठेवतात. माझी गुणगुण हातातून त्यांना कळते. मग मान डोलवून, जरा मोठ्यानेच विचारतात, “काय रे बाबा, गळा ठीक?”

उठा आता, उशीर झाला. एवढंच मागतो, की उद्या तुमच्या घरची वीज गेली आणि अंधारात एखादा डबा गुणगुणायला लागला, तर दिनानाथकाकांची आठवण काढा.