बाऊलमधलं टेंगूळ

पुतणीचा फरशी घासायचा ग्राइंडर तिला न विचारता पिशवीत घालून गवंडीकाकांनी सकाळी सहाला स्केटपार्क गाठलं. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती ओळंब्यात आणणाऱ्या या माणसाला स्वतःच्या हातचं एक काम आज चोरून दुरुस्त करायचं होतं.

पार्कच्या मधोमध बाऊल होता: पुरुषभर खोल, कढईसारखा गोलसर, काँक्रीटचा खड्डा. चार वर्षांपूर्वी तो काकांनीच घोटला होता. त्याच्या पूर्वेच्या उतारावर मात्र दोन बोटं उंचीचं एक टेंगूळ राहून गेलं होतं, आणि त्याचं कारण काकांना अजून चारचौघांत उच्चारवलं नव्हतं. त्या दुपारी डबा खाऊन ते सिमेंटच्या पोत्यांच्या सावलीत जरा टेकले. उठले तेव्हा अर्ध्या उतारावरचा माल दगड झाला होता. त्यावर नवा माल चढवून त्यांनी वेळ मारून नेली आणि घरी सांगितलं, "पूर्वेची बाजू दुसऱ्या टोळीची."

थाप चार वर्षं पचली. पण पुतणी गेल्या महिन्यापासून इथे स्केटिंगला येऊ लागली आणि परवा जेवताना म्हणाली, "काका, ती दुसरी टोळी कामावर झोपली होती वाटतं." काकांनी ताट बाजूला सारलं. तिला फरशीकाम त्यांनीच शिकवलं होतं. ओला माल कुणाची वाट बघत नाही, हे सहा वर्षं उठताबसता ऐकवलं होतं, आणि जेवणानंतर तिला दहा मिनिटं पाठ टेकू दिली नव्हती.

सहाला पार्कात चिटपाखरू नसेल, हा त्यांचा अंदाज साफ चुकला. पोरंटोरं यायच्या आत मोठ्यांनी पडून घ्यायचं, असा तिथला शिरस्ता होता. फाटकाजवळच्या सतरा नियमांच्या फलकाचा उपयोग सर्वांनी जाकिटं टांगण्यासाठी केला होता. नवशिक्यांच्या सपाट पट्ट्यावर एक निवृत्त न्यायाधीश मोठ्या भारदस्तपणे आपटत होते. पायऱ्यांलगतच्या लोखंडी नळीवरून एक धिप्पाड खाटीक बोर्डासकट घसरत खाली आला आणि नळी जिवंत आहे की नाही ते वळून पाहू लागला.

"काका, रांग इकडून," बाऊलच्या काठावरून एक पन्नाशीची बाई म्हणाली. ती ग्रंथपाल होती. गुडघ्यांना पॅड बांधलेले, कोपर सोललेलं.

"मी खेळायला नाही आलो, बाई. तो उंचवटा घासून काढायचाय."

खाटीक तीन ढांगांत येऊन पोचला. "टेंगूळ काढणार? आधी माझे दात काढा."

"अहो, पण ते चुकलंय!"

"चुकलंय म्हणे! बघा जरा," म्हणत ग्रंथपालबाईंनी बोर्ड खाली झोकला. त्या तळाशी गेल्या, पूर्वेचा उतार चढल्या, टेंगळावर चाकं लागली आणि बाई क्षणभर अधांतरी, चष्म्यासकट. मग काठावर अलगद उतरून त्या धापा टाकत म्हणाल्या, "पायऱ्या, नळ्या, कठडे कुठेही मिळतात. अशी उडी आणखी कुठे मिळत नाही. लोक तीन-तीन तास प्रवास करून या टेंगळासाठी येतात."

"हा बाऊल आखणाऱ्या इंजिनिअरला मानलं पाहिजे," खाटीक हात जोडत म्हणाला. "काय डोकं! एक बोट ठेवलं असतं तर उडी नाही, तीन ठेवली असती तर आम्ही नाही."

काकांच्या मनातली लाज जागच्या जागी थिजली आणि तिच्या जागी संताप उकळू लागला. तो इंजिनिअर! त्या दिवशी तो साइटवर फिरकलासुद्धा नव्हता. आपल्या चुकीचं श्रेय त्यानं फुकटात खावं?

ते तोंड उघडणार, एवढ्यात फाटकातून आवाज आला. "काका, माझा ग्राइंडर?" पुतणी बोर्ड काखेत मारून उभी होती.

आता बोलावं, तर सहा वर्षांची प्रवचनं पाण्यात. गप्प बसावं, तर इंजिनिअरच्या पायावर फुलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं, टेंगळाकडे पाहिलं, खाटकाच्या अजून जोडलेल्या हातांकडे पाहिलं.

"ते मी केलंय," ते म्हणाले.

"पण पूर्वेची बाजू तर दुसऱ्या—"

"दुसरी टोळी नव्हतीच. मीच होतो. डबा खाल्ला, डोळा लागला, माल आवळला."

न्यायाधीशांनीसुद्धा आपटणं थांबवलं. पुतणी बाऊलमध्ये उतरली. तिनं टेंगळावरून तळवा फिरवला, नखानं सांधा चाचपला. काकांचं काम काकांनीच शिकवलेल्या पद्धतीनं तपासलं.

"किती वेळ झोपलात?"

"पाऊण तास."

"खरं सांगा."

"सव्वा तास."

ती वर आली, काकांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि खांद्याला अडकवली. "ठीक आहे. उद्यापासून जेवणानंतर मी सव्वा तास झोपणार. कुणी हाक मारायची नाही."

"अगं, पण माल..."

"माल बघेल माझी वाट."

खाटीक मात्र काकांना सोडायला तयार नव्हता. "मिस्त्री, पश्चिमेच्या उतारावर असंच एक जमेल का हो?"

काकांनी पश्चिमेचा उतार डोळे बारीक करून निरखला. आयुष्यात प्रथमच त्यांना एखादी गुळगुळीत भिंत अपुरी वाटली.

"जमेल," ते म्हणाले. "पण डबा भरपेट लागेल."